ओलं गोणपाट

अंगणातल्या जुन्या फियाटचा दाराखालचा गंजलेला पत्रा कापून मी नवा जोडत होतो. वेल्डिंगचा मास्क लावला की ठिणगीशिवाय काही दिसत नाही. म्हणून माझी बायको, कला, ओलं गोणपाट घेऊन मागे उभी राहायची. ती गेल्यानंतर आज पहिल्यांदाच वेल्डिंगला बसलो होतो.

अचानक सीट जळाल्याचा वास आला.

"कला, गोणपाट टाक!" सवयीनं ओरडलो.

माझ्या हाताशेजारी ओलं गोणपाट धप्पकन पडलं.

मास्क वर करायची हिंमत होईना. कसाबसा केला. मागे सून उभी होती, शीतल. लटलट कापत होती.

"आबा, आईले बी असंच भ्याव वाटे का?"

तीस वर्षांत मी कलाला कधी विचारलंच नव्हतं.