वीतभर बांध

गोदाम लख्ख झाडलेलं होतं. फक्त मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वीतभर रुंद धुळीची पट्टी तशीच राहिली होती. तीही सरळ नाही. एके ठिकाणी पोट काढून वाकडी झालेली.

"ही काय भानगड?" नव्या सुपरवायझर बाईंनी विचारलं.

दोन्ही झाडूवाले पट्टीच्या दोन बाजूंना उभे होते. सख्खे भाऊ. कामात दोघेही चोख, एकमेकांपुरते दोघेही मुके.

"इथं बांध होता, बाई," धाकटा शेवटी म्हणाला. "पलीकडचं शेत यांचं, अलीकडचं माझं. हे त्यांचं झाडतात, मी माझं झाडतो."

"अहो, पण जमीन विकलीत ना तुम्ही?"

"विकली की. दोघांनी एकाच दिवशी."

"मग?"

या बांधापायी दोघांनी डोकी फोडली होती, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. दोन्हीकडून कोरून कोरून तो वीतभर करून ठेवला होता. शेत गेलं, विहीर बुजली. हे भांडण तेवढं धाकट्याकडे राहिलं होतं, आणि ते त्याला सोडवत नव्हतं.

"दुपारी ट्रक लागतील. कोणी झाडायचं ते तुमचं तुम्ही बघा. नाहीतर उद्यापासून दोघंही येऊ नका," असं म्हणून बाई निघून गेल्या.

धाकटा जागचा हलला नाही. आपण झाडू लावला, तर थोरला म्हणणार, बघा, खाल्ला बांध. आणि थोरल्यानं लावला तर? त्यानं झाडूची मूठ आवळली.

थोरल्यानं सरळ कमरेत वाकून पट्टीवर झाडू घातला. वाकणापाशी, जिथं पूर्वी बांधावरचं सावलीचं झाड होतं, तिथं तो अंमळ थांबला. मग पुढं सरकला. सगळी धूळ एका जागी आणून त्यानं झाडूच्या टोकानं तिचे दोन ढीग केले.

"हा तुझा," तो म्हणाला.

धाकट्याची नजर सवयीनं दोन्ही ढिगांवरून फिरली. थोरल्याचा ढीग मूठभर मोठा होता.

राग येईल म्हणून तो जरा वेळ वाट बघत उभा राहिला. मग वाकला आणि आपल्या ढिगाला सुपली लावली.