पहिली पायली

आमच्याकडे तूर मोजताना पहिल्या पायलीला कुणी ‘एक’ म्हणत नाही; ‘लाभ’ म्हणतात, मग ‘दोन’. माझ्या नातीला, वैभवीला, हे मीच शिकवलं. लहानपणी ती ‘लाभ’ इतक्या जोरात म्हणायची की शेजारीण हसायची. आकड्यांची आवड पाहून आम्ही तिला पुण्याला अर्थशास्त्र शिकायला पाठवलं. काल ती सगळं सामान घेऊन मेडशीच्या स्टँडवर उतरली. सांख्यिकीत पुन्हा नापास झाली. “परत जाशीन ना?” “कॉलेजनं नाव काढून टाकलं, आजी. तिथले आकडे येगळे रायते.” सकाळी मी तिला तुरीच्या ढिगापाशी बसवलं. “मोज.” “मले आता मोजाले नको सांगू.” “एवढी शिकली, अन् पोतं नाही मोजत?” तिनं पायली भरली. मी पोत्याचं तोंड धरून तो शब्द यायची वाट पाहिली. तूर पोत्यात पडली. “एक,” ती म्हणाली.