विरोधात कोण?

पहिला ठोसा पडला तेव्हा ग्रामसेवक तिसरा विषय वाचतच होते.

"खालच्या गल्लीतला नळ बंद करून ती जोडणी वीटभट्टीला..." इथपर्यंत ते आले आणि वेल्डर उभा राहिला. "भट्टी कुणाची तेही वाचा की," एवढंच तो म्हणाला. भट्टी सरपंचांची होती. हे खोलीतल्या सातही सदस्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि बैठकीत बोलणं वेगळं. शेजारच्या खुर्चीतल्या पैलवानाने बसल्या जागेवरूनच त्याच्या पोटात ठोसा हाणला. निवडून आल्यापासून पैलवानाने पंचायतीच्या कामकाजात घेतलेला हा पहिलाच भाग.

समोर बसलेल्या टेलरबाईच्या हातात चहाचा कप तसाच राहिला. तिचं घर वेल्डरच्या घराला लागून, आणि गल्लीतला तो एकुलता एक नळ दोघांच्या दाराशी. तो गेला तर हंडे घेऊन टेकडी उतरायची आणि ओढा गाठायचा, घरी अंथरुणाला खिळलेली सासू एकटी टाकून. तरीही ती बोलणार नव्हती. ती निवडून आली त्याच दिवशी नवऱ्याने तिला बजावलं होतं, "सगळे हात वर करतील तेव्हा तूही कर आणि घरी ये. अक्कल मशीनवर चालव." आजवर तिने निमूटपणे तेच केलं होतं.

"चर्चा शांतपणे होऊ द्या," सरपंच म्हणाले.

चर्चा झाली ती अशी. वेल्डरने पैलवानाच्या नाकावर डोकं मारलं. नाकातून भळाभळा रक्त आलं. पैलवानाने खुर्ची उचलून त्याच्या पाठीत घातली, खुर्चीचा पाय तुटून दारापर्यंत गेला. दुकानदार हा एरवी झुरळ मारायलाही बायकोला हाक मारणारा सदस्य, पण त्याने मागून येऊन वेल्डरच्या गळ्याला मिठी घातली आणि लोंबकळला. दोघांनी मिळून त्याला टेबलावर पालथा पाडला. भिंतीकडचे दोघे सदस्य भिंतीला आणखी चिकटले. ग्रामसेवकांनी आपली बशी तेवढी बाजूला घेतली.

"आता मतदान घेऊन टाका," सरपंच म्हणाले. "एकमत पाहिजे, लक्षात आहे ना?"

ते सगळ्यांच्याच लक्षात होतं. चालू नळ तोडायचा तर ठराव एकमताने व्हावा लागे, नाहीतर वरचं कार्यालय तो परत पाठवी.

"बाजूने कोण?"

चार हात वर झाले. पाचवा, रक्ताने माखलेला, पैलवानाने वर केला आणि दुसऱ्या हाताने वेल्डरचा उजवा हात पाठीमागून पिरगाळत वर, आणखी वर नेला. "हा घ्या याचाही." खांद्यात कट्‌कन आवाज झाला. वेल्डर जिवाच्या आकांताने ओरडला. याच हाताने टेलरबाईच्या मशीनचं मोडलेलं पायडल त्याने जोडून दिलं होतं.

"सहा," ग्रामसेवक पुटपुटले.

सगळे टेलरबाईकडे बघू लागले.

"चहा नंतर प्या, ताई," सरपंच गोड आवाजात म्हणाले. "आधी हात."

तिने कप खाली ठेवला. तो बशीच्या काठावर टेकून आडवा झाला आणि चहा टेबलावरून तिच्या साडीवर सांडला. ती घाबरली होती. पण हात काही वर गेला नाही. तिचं तिलाच नवल वाटलं.

"बरं," सरपंच हसले. "नियमानेच जाऊ. विरोधात कोण?"

काम झालं म्हणून पैलवानाने वेल्डरला सोडलं. तो टेबलावरून घसरून जमिनीवर गुडघ्यांवर आला. उजवा हात नुसता लोंबत होता. त्याने डावा वर केला.

"डावा चालत नाही," ग्रामसेवक सवयीने बोलून गेले. एकदा एका सदस्याने डाव्या हाताने चहावाल्याला खुणावलं होतं, तो हात मतात मोजला गेला आणि पंचायतीच्या दारात कुणालाच नको असलेली कमान उभी राहिली. तेव्हापासून इथे मत उजव्या हातानेच.

"नियम म्हणजे नियम," सरपंच म्हणाले. "उजवा वर करा, लगेच विरोधात मोजतो. शब्द देतो." दुकानदार खो खो हसला.

वेल्डरने जोर लावला. बोटं हलली, हात हलला नाही. घामाने थबथबलेला चेहरा त्याने टेलरबाईकडे वळवला.

"वहिनी, उचला."

"भाऊजी, फार दुखेल हो."

"उचला म्हणतो ना!"

ती उठली. मोडकी खुर्ची ओलांडून त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याचं मनगट धरलं. हात छातीपर्यंत आला तेव्हाच त्याने शर्टाची कॉलर दातांत धरली. खांद्यापर्यंत आला तेव्हा कॉलर सुटली आणि त्याच्या ओरडण्याने खिडकीबाहेर माणसं गोळा झाली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण ती थांबली नाही. त्याचा हात तिने डोक्याच्या वर नेला आणि तसाच धरून ठेवला.

आता कुणी हसत नव्हतं. ग्रामसेवकांनी एकदा सरपंचांकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे.

"एक," ते म्हणाले.

"नीट मोजा, भाऊसाहेब," टेलरबाई म्हणाली. "दोन आहेत. दोन्ही उजवे."