लावऱ्यांचं सहावं पुस्तक

"खाली उडणाऱ्या लावरीवर बार टाकायचा नाही. माझ्या बापानं बंदूक देण्याआधी हे शिकवलं," अर्लआजोबा म्हणाले. "हं, वाच पुढं, जग."

जगन्नाथरावांनी अंगठ्याला थुंकी लावून पान उलटलं. शेजारी आसावरी मटार सोलत बसली होती. दर मंगळवारी ती सासऱ्यांना कुंपणापलीकडे अर्लआजोबांकडे घेऊन यायची. व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती, आणि मटार घरी सोलले काय, इथे सोलले काय.

अर्लआजोबा त्र्याऐंशीचे. नजर पार गेलेली. अमेरिकेतल्या या मॉरिसव्हिलमधली ही सगळी घरं त्यांच्या वडिलांच्या शेतावर उभी होती. "तुमच्या गॅरेजपाशी बारा लावऱ्यांचा थवा असायचा. संध्याकाळी शीळ घालून एकमेकींना गोळा करायच्या," असं ते सांगत, तेव्हा आसावरीला गॅरेज थोडं मागे सरकवावंसं वाटे. आता शेत नाही, शीळ नाही. उरली ती शिकारीची जुनी पुस्तकं, आणि ती वाचून दाखवायला सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले जगन्नाथराव, पुण्याचे इंग्रजीचे निवृत्त मास्तर.

पहिली पाच पुस्तकं मास्तरांनी अडखळत वाचली. बंदुकांची नावं, कुत्र्यांच्या जाती. अर्लआजोबा ओळीओळीला टोकत. खालच्या पाखराचा मजकूर आला की मास्तरांना हटकून ठसका लागे. सहावं पुस्तक अर्लआजोबांनीच कपाटातून चाचपून काढून दिलं. ते मात्र मास्तर घडाघडा वाचू लागले. अमेरिकेचं पाणी लागलं म्हणायचं.

फक्त त्याला त्यांनी सेलच्या जाहिरातीच्या कागदाचं कव्हर घातलं. "तेलकट वास येतो गं, हाताला लागतो," ते म्हणाले. जन्मभर पाठ्यपुस्तकांना कव्हरं घातलेला माणूस. आसावरीनं मनावर घेतलं नाही.

गोष्ट दोन भावांची होती. बंदूक थोरल्याची, हट्ट धाकट्याचा. कापणी झालेलं रान. थवा पायांखालून भर्रकन फुटला. एक लावरी गवताच्या शेंड्यांवरून गेली. थोरला ओरडला, "खाली नको!" धाकट्यानं चाप ओढला.

अर्लआजोबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "थोरला गेला?"

"नाही. डोळा गेला." जगन्नाथरावांनी चष्मा पुसला. "घरी त्यानं भलतंच सांगितलं. धाकट्याचं नाव घेतलं नाही. पन्नास वर्षं."

"आणि त्या गाढवानं माफी मागितली का नाही?"

"ते शेवटच्या प्रकरणात असेल, अर्लराव."

रविवारी आसावरीच्या नवऱ्यानं, शंतनूनं, कॉलिंग कार्ड खरवडून वाईला एकनाथकाकांना फोन लावला. काका म्हणजे बाबांचे थोरले बंधू. लग्नाच्या फोटोत काळा चष्मा लावून अगदी हिरोसारखे बसलेले.

"जगूला दे रे," काका म्हणाले.

"बाबा बाथरूममध्ये आहेत."

"सहा महिने तिथंच आहे का तो?"

जाण्याआधीच्या मंगळवारी अर्लआजोबांनी शेवटच्या प्रकरणाचा हट्ट धरला. मास्तरांचा घसा बसला होता. "राहू दे," ते म्हणाले. पुस्तक कपाटात ठेवताना हात जरा रेंगाळला.

घरी आल्यावर शंतनूला म्हणाले, "मुंबईहून टॅक्सी पुण्याची नको. थेट वाईची सांग."

"आधी घरी जाऊन आराम तरी करा, बाबा!"

"वाईचीच."

पुढच्या मंगळवारी अर्लआजोबांचा फोन आला. "शेवट राहिलाय. तू ये वाचायला."

आसावरीनं पुस्तक घेतलं, शेवटाकडची पानं उघडली. 'क्लच घसरत असल्यास प्रथम स्प्रिंग तपासावी.' पुढच्या पानावर गिअरबॉक्स. तिनं आवाज न करता कव्हर काढलं. ट्रॅक्टरची दुरुस्ती, १९५१.

मग तिला लग्नाच्या फोटोतला काळा चष्मा आठवला.

जरा वेळानं तिनं कव्हर परत चढवलं, अंगठ्याला थुंकी लावली आणि पान उलटलं. सासऱ्यांची लाज सुनेनं नाही राखायची तर कुणी?

"'धाकटा थोरल्याच्या दारात उभा राहिला,'" ती वाचू लागली. "'थोरला म्हणाला, असा बाहेर का उभा...'"

"थांब पोरी," अर्लआजोबा म्हणाले. "तो ट्रॅक्टर मी चाळीस वर्षं चालवलाय, त्या पुस्तकाचा वास मला दारातून येतो. तिकडं फोन लाव, आणि थोरला खरंच काय म्हणाला ते विचार."