दुसरा कीबोर्ड

वहिनी भाषांतराचं काम करायची. तिच्या मजकुरात अधूनमधून भलतीच अक्षरं घुसू लागली. तिचा कॉम्प्युटर विंडोजऐवजी लिनक्सवर चालायचा आणि त्यावर कीबोर्ड कंपनीचं सॉफ्टवेअर चालत नसे, म्हणून दिराने वायरलेस कीबोर्ड-माउस सांभाळणारं दुसरं सॉफ्टवेअर टाकलं. उघडताच दोन कीबोर्ड जोडलेले दिसले.

"वहिनी, दुसरा कुठे ठेवलाय?"

"दुसरा कुठला, भाऊजी? एकच आहे, तुमच्या मांडीवर."

असे कीबोर्ड खोलीबाहेरून चालत नाहीत. मांडीवरचा टेबलावर ठेवून त्याने वहिनीबरोबर कपाट, पलंगाखालची जागा, सगळं पालथं घातलं. काही सापडलं नाही.

"जाऊ दे, काढूनच टाकतो." त्याने माउसने दुसरा कीबोर्ड निवडला.

सॉफ्टवेअरने विचारलं, 'खरंच काढायचा? उत्तर लिहा.'

तो टेबलावरच्या कीबोर्डकडे वळला. त्याचा हात पोहोचण्याआधीच स्क्रीनवर एकेक अक्षर सावकाश उमटलं.

वहिनीने मोठ्याने वाचलं, "नको."