जेवतानाचं इंग्रजी

मुलगा-सून जेवताना मध्येच इंग्रजीत शिरले, की आपल्याच कागाळ्या चालल्यात असं सासूबाईंना वाटायचं. साधं इंग्रजी त्यांना समजू लागलं, तशी ती दोघं अवघड शब्द वापरू लागली. सासूबाईही हट्टाला पेटल्या. शेजारच्या निवृत्त बाईंकडे शिकवणी लावून त्यांनी तसले जडजड शब्द घोटले.

सासूबाईंच्या पोटदुखीचे रिपोर्ट आले, त्या दिवशी जेवताना मुलगा सुनेला इंग्रजीत म्हणाला, "आता उपचार फक्त वेदना कमी करण्यापुरते. फार तर तीन महिने. आईला कसं सांगू?" सुनेचे डोळे भरून आले.

सासूबाईंना शब्द न् शब्द कळला.

"काय रे, काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही गं आई, ऑफिसचं."



"बोला बाबांनो, बोला. मला मेलीला कुठं एवढं इंग्रजी कळतंय!"