नव्या हाताची सोबतीण

गावित सिस्टरने मनगटावर बसवलेला नवा यांत्रिक हात उघडून-मिटून पाहिला. हात देखणा होता, चपळ होता आणि ठार अडाणी होता.

“जुन्या हातातलं सगळं ह्यात घातलंत ना?” तिने कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं.

“नाही सिस्टर. नवं मॉडेल कोऱ्या पाटीनेच सुरू करायचं, असं आमचं धोरण आहे. तीन महिन्यांत शिकेल.”

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुना हात अकरा वर्षं ह्याच वॉर्डात, काचेच्या पेटीतल्या किलोभराच्या बाळांच्या केसाएवढ्या शिरा शोधत आला होता. हल्ली तो पहिल्याच टोचणीत शीर गाठायचा. आता तो टेबलावर भंगाराच्या पिशवीत पडला होता.

“शिकेल? कुणाच्या बाळावर शिकेल?”

“सुरुवातीला थोडंफार होतंच, सिस्टर.”

“बाही वर करा. आमच्यात नवी पोरगी आधी सोबतिणीच्या हातावर टोचायला शिकते, पेशंटच्या नाही. ह्याची सोबतीण आज तुम्ही.”

वॉर्डातल्या साऱ्या आया बघत होत्या, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. त्याची शीर दोरीसारखी फुगलेली होती, तरी पहिली सुई चुकली. दुसरीही चुकली. चौथ्या सुईला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अजून तीन महिने आहेत,” सिस्टर म्हणाली आणि तिने पाचवी सुई उचलली.

इंजिनिअरने मोकळ्या हाताने पिशवीतून जुना हात बाहेर काढला आणि लॅपटॉपला जोडायला तो वायर शोधायला लागला.